चार हजार टनांतला अर्धा ग्रॅम

(मालवण येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



मालवणात कोळशावर व्याख्यान म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावल्या असतील. इथे पर्ससीन मासेमारीवर बोलावं, पर्यटनावर बोलावं, किल्ल्याच्या तटाच्या डागडुजीवर बोलावं. कोळसा हा विदर्भाचा विषय. सिंधुदुर्गात कोळशाची एकही खाण नाही. तरीही मी हा विषय घेतला, कारण खाण नसली तरी कोळसा आपल्या दोन्ही अंगांना येऊन ठेपला आहे. उत्तरेला जयगडला १२०० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र उभं आहे. त्याच्या धुराचा हापूसवर काय परिणाम होईल, हा वाद न्यायालयापर्यंत गेला होता. दक्षिणेला मुरगाव बंदरात कोळशाची जहाजं रिकामी होतात आणि वास्कोचे रहिवासी वर्षानुवर्षं खिडक्यांवर बसणाऱ्या काळ्या धुळीची तक्रार करत आहेत. आणि आपल्याच देवगड तालुक्यात, मुणग्याला, ४००० मेगावॉटच्या अतिविशाल प्रकल्पाचा प्रस्ताव आला होता. लोकांनी विरोध केला, प्रकल्प उभा राहिला नाही. २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत खाणी आणि तशा प्रकल्पांच्या नव्या मंजुऱ्यांवर स्थगिती आणली, २०११ मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीचा अहवाल आला. हे सगळं तुम्ही जवळून पाहिलेलं आहे.

त्या काळातल्या सभांमध्ये आकड्यांची फेकाफेक चालायची. एक बाजू म्हणायची, कोळशात पारा आहे, आर्सेनिक आहे, शिसं आहे. दुसरी बाजू अहवालाचं पान उघडून दाखवायची, हे पाहा, नगण्य प्रमाण. दोन्ही बाजूंच्या हातात कुठल्या ना कुठल्या प्रयोगशाळेचा कागद असे. तो आकडा तयार कसा झाला, हे मात्र कोणीच कोणाला विचारत नसे.

माझी नोकरी त्याच कामात गेली. विदर्भातल्या कोळशाचे नमुने धातूंच्या चाचणीसाठी तयार करायचे, हे माझं काम. सुट्टीत गावी आलो की शेजारचे म्हातारे विचारायचे, "तुमी थंय नेमका काय करतास?" मी म्हणायचो, कोळसा दळतो. ते हसायचे, पण उत्तर खरं होतं. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर विज्ञानाच्या पेपरात बरोबर उत्तराला निम्मेच गुण देत, उरलेले निम्मे ते कसं काढलं याला. आज मी त्या दुसऱ्या निम्म्यावर बोलणार आहे.

आधी प्रमाण समजून घेऊ. लेशमात्र धातू, ज्यांना प्रयोगशाळेत आम्ही ट्रेस मेटल्स म्हणतो, ते पीपीएममध्ये मोजतात. एक पीपीएम म्हणजे एका टनात एक ग्रॅम. जगभरच्या कोळशाची सरासरी काढली तर आर्सेनिक साधारण आठ-नऊ पीपीएम येतं, शिसंही त्याच्याच आसपास, क्रोमियम आणि निकेल त्याहून थोडे जास्त. पारा सगळ्यांत कमी, सरासरी ०.१ पीपीएम, म्हणजे टनामागे ग्रॅमचा दहावा भाग. ऐकायला हे काहीच नाही. पण ४००० मेगावॉटचं केंद्र वर्षाला एक कोटी टनांहून अधिक कोळसा जाळतं. एक कोटी वीस लाख टन धरा. ०.१ ग्रॅमने गुणा. बारा लाख ग्रॅम, म्हणजे १२०० किलो पारा दरवर्षी त्या आवारात येणार. सगळाच चिमणीतून बाहेर पडतो असं नाही. काही राखेबरोबर अडतो, काही धूर धुण्याच्या यंत्रणेत अडतो. पण हिशोबाची सुरुवात या १२०० किलोंपासून होते. आता समजा, प्रयोगशाळेने ०.१ ऐवजी ०.०५ लिहिलं. दशांश चिन्हानंतरचा एवढासा फरक, आणि कागदावरून ६०० किलो पारा नाहीसा झाला.

पाऱ्याची भीती कशासाठी, ते किनाऱ्यावरच्या माणसांना फार सांगावं लागू नये. जपानमधल्या मिनामाटाच्या खाडीत एका रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातून पारा गेला, तो मासळीत उतरला, मासळी खाणाऱ्या कोळी कुटुंबांच्या मेंदूवर त्याने घाला घातला. १९५६ मध्ये हा आजार अधिकृतपणे नोंदला गेला. लहान माशाला मोठा मासा खातो, त्याला त्याहून मोठा, आणि प्रत्येक पायरीवर पारा साठत जातो. म्हणून बांगड्यापेक्षा मोरीत, म्हणजे शार्कमध्ये, तो जास्त असण्याचा संभव. मालवणच्या मासळीत पारा आहे असं मी म्हणत नाही, गैरसमज नको. पण त्या जपानी शहराच्या नावाने झालेला पाऱ्याविषयीचा मिनामाटा करार भारताने २०१८ मध्ये मान्य केला. त्याआधी डिसेंबर २०१५ मध्ये आपल्या पर्यावरण मंत्रालयाने औष्णिक केंद्रांच्या धुरातल्या पाऱ्यासाठी घनमीटरमागे ०.०३ मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली होती.

आर्सेनिकची कथा चीनच्या ग्वेझो प्रांतातली. तिथल्या खेड्यांत पावसाळी हवेत मिरच्या वाळवायला घरातच कोळशाची शेगडी पेटवत. त्या भागातल्या काही कोळशांत आर्सेनिक इतकं होतं की एका नमुन्यात ते ३५,००० पीपीएम, म्हणजे साडेतीन टक्के भरलं. धुरातलं आर्सेनिक मिरच्यांवर बसलं, मिरच्या पोटात गेल्या, आणि किमान तीन हजार लोकांना आर्सेनिकची बाधा झाली. सरासरी आठ-नऊ आणि टोक पस्तीस हजार! कोळशाच्या बाबतीत सरासरीवर विसंबून का राहू नये, याला याहून मोठा पुरावा लागत नाही.

इतका फरक येतो कुठून? कोळसा हा दलदलीत गाडल्या गेलेल्या वनस्पतींचा, हे आपण शाळेत शिकतो. पण त्या दलदलीत नदीने गाळ आणून टाकला, भूजलाने क्षार आणले, गंधक आणि लोखंड एकत्र येऊन पायराइटचे सोनेरी कण तयार झाले. धातूंनी आपापल्या जागा निवडल्या. आर्सेनिक आणि पारा बहुतेक वेळा पायराइटमध्ये जाऊन बसतात. क्रोमियम चिकणमातीच्या खनिजांबरोबर राहतं. काही मूलद्रव्यं कोळशाच्या सेंद्रिय भागालाच चिकटतात, जर्मेनियम त्यांतलं. गोल्डश्मिट या भूरसायनशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात कोळशाच्या राखेत ते शोधलं, तिथून या विषयाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. सांगायचं ते हे, की एका ढेकळात धातू सारखा पसरलेला नसतो. तो मुठीएवढ्या ढेकळातल्या एखाद्या सोनेरी रेघेत असतो आणि उरलेल्या ढेकळात जवळपास नसतो.

शितावरून भाताची परीक्षा करावी म्हणतात. भाताला ते लागू पडतं, कारण पातेल्यातलं प्रत्येक शीत एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेलं असतं. कोळशाच्या ढिगाऱ्याला ते लागू पडत नाही. वाघिणींची एक पूर्ण गाडी म्हणजे सुमारे चार हजार टन कोळसा. आयसीपी-एमएस नावाच्या आधुनिक यंत्राला त्यांतला अर्धा ग्रॅम पुरतो, कधी त्याहूनही कमी. म्हणजे आठशे कोटी भागांतला एक भाग. त्या एका भागाने उरलेल्या सगळ्यांची साक्ष द्यायची आहे. यंत्र कितीही महागडं असो, त्याच्या तोंडी जे दिलं तेच ते मोजणार. आकडा खरा की खोटा, हे यंत्राचं बटण दाबण्याच्या फार आधी ठरून गेलेलं असतं.

पहिला टप्पा ढिगाऱ्याचा. ढिगाऱ्याच्या पायथ्याशी मोठी ढेकळं घरंगळून येतात, भुकटी मध्येच राहते, आणि पायथ्याशी उभं राहून फावडं मारणं सगळ्यांत सोयीचं असतं. त्या फावड्यात ढिगारा कधीच येत नाही. म्हणून शक्य असेल तिथे चालत्या पट्ट्यावरून, ठरावीक वेळाने, पट्ट्याची पूर्ण रुंदी कापून थोडा थोडा कोळसा घेतात. वाघिणीतून घ्यायचा तर वरचा थर बाजूला सारून, निरनिराळ्या जागी, निरनिराळ्या वाघिणींतून. आपल्याकडे यासाठी आयएस ४३६ हे भारतीय मानक १९६४ पासून आहे. असे अनेक उपनमुने एकत्र केले की काहीशे किलोंचा मूळ नमुना होतो. फ्रान्सच्या पिएर गी यांनी गेल्या शतकात या उचलण्या-वाटण्यामागचं गणित मांडलं. त्याचा सारांश असा, की कण जितका मोठा तितका नमुनाही मोठा हवा. आणि नमुना लहान करायचा असेल तर आधी कण लहान करा.

हे तत्त्व पोकळ वाटू नये म्हणून एक हिशोब सांगतो. पायराइटचा एक मिलिमीटरचा कण घ्या. तो पाण्याच्या पाचपट जड, म्हणजे वजन सुमारे पाच मिलिग्रॅम. समजा त्यात हजार पीपीएम आर्सेनिक आहे. असा एकच कण तुमच्या अर्ध्या ग्रॅमच्या नमुन्यात चुकून आला, तर त्या एकट्याने निकालात दहा पीपीएमची भर पडते. तो नाही आला तर तेवढीच घट. म्हणजे एका कणाच्या येण्या-न येण्यावर जगाच्या सरासरीहून मोठा फरक! आता तोच कण दळून मिलिमीटरच्या दहाव्या भागाचे हजार कण करा. त्यांतला एक इकडे-तिकडे झाला तर फरक फक्त ०.०१ पीपीएमचा. दळण्याचं महत्त्व एवढ्यात आलं.

म्हणून फोडायचं आणि वाटायचं, पुन्हा फोडायचं आणि वाटायचं. जॉ क्रशरमध्ये आधी साडेबारा मिलिमीटरच्या खाली, मग तीन-सव्वातीन, आणि शेवटी दळून २१२ मायक्रॉनच्या चाळणीतून जाईल इतकं बारीक. मधल्या प्रत्येक वाटणीला रिफल वापरतात. हा एक पत्र्याचा डबा असतो, आत एकाआड एक डाव्या-उजव्या बाजूला उतरणाऱ्या फटी. वरून कोळसा सावकाश, पूर्ण लांबीवर सारखा ओतला की निम्मा डावीकडच्या पाटीत, निम्मा उजवीकडच्या. घाईने एका कोपऱ्यात ओतला तर एका पाटीत जड कण जास्त जातात. जुन्या पद्धतीत शंकू करून, दाबून, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवत. तेही चालतं, पण हात सारखा लागतो.

वाळवणंही याच टप्प्यावर. ओला कोळसा चाळणीत अडकतो, म्हणून उघड्यावर किंवा फार तर चाळीस अंशांच्या कपाटात तो वाळवतात. घाई असेल तर कोणीही शंभर-दीडशे अंशांवर टाकेल. पण पारा ३५७ अंशांना उकळत असला तरी कोळशातून निसटायला तो तितका थांबत नाही. ओल घालवताना पाराही घालवला, तर पुढे कितीही काळजी घेऊन मोजा, नसलेला पारा मोजला जाणार नाही.

आता दळणं. प्रयोगशाळेत सगळ्यांत कमी पगाराचा माणूस जिथे उभा असतो ती ही जागा, आणि आकड्याचं सगळ्यांत जास्त भलंबुरं इथेच होतं. दळणाऱ्या यंत्राचा अंश दळल्या जाणाऱ्या मालात उतरतो. पोलादाच्या पात्यांतून लोखंड येतं, मँगनीज येतं, क्रोमियम आणि निकेल येतात. टंगस्टन कार्बाइडचं भांडं घेतलं तर टंगस्टन आणि कोबाल्ट येतात. आपल्या वर्धा खोऱ्यातल्या कोळशात राखच तीस-चाळीस टक्के असते, आणि त्या राखेतले गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण पोलादाला खरवडतात. अशा कोळशाचं क्रोमियम मोजायचं आणि दळायचं पोलादाच्या चक्कीत, तर निकालात कोळशाचं क्रोमियम किती आणि चक्कीचं किती, हे देवच जाणे. म्हणून लेशमात्र धातूंसाठी अगेटचा, म्हणजे अकीक दगडाचा, खल वापरतात. तो महाग असतो, हळू चालतो आणि हातातून पडला तर फुटतो. दळण्याआधी आणि नंतर त्यात शुद्ध गारेची पूड दळून तीही तपासायची, म्हणजे खलाने काय दिलं ते कळतं. चाळणी पितळेची असेल तर तांबं आणि जस्त येतं, नायलॉनची बरी. पावडर लावलेले हातमोजेसुद्धा चालत नाहीत, त्यातून जस्त येतं.

चाळणीपाशी जरा थांबू या, कारण हे दृश्य अहवालात कधीच येत नाही. दळलेला कोळसा चाळणीवर टाकला, चाळणी हलवली, काळी पूड खाली गेली. वर चिमूटभर कण उरले. ते काळे नाहीत. करडे, पिवळट, काही चमकणारे. दोनदा दळले तरी ते जात नाहीत. संध्याकाळ झालेली असते, अजून सहा नमुने रांगेत असतात. त्या वेळी ती चिमूट झटकून टाकावी असा मोह कोणालाही होईल. पण कोळशातला जो भाग सगळ्यांत कठीण तोच पायराइट आणि गार, आणि पायराइट म्हणजे आर्सेनिकचं आणि पाऱ्याचं घर. ती चिमूट टाकली की नमुना स्वच्छ झाला, अहवाल निर्मळ झाला, आणि कोणीही खोटं बोललेलं नाही! म्हणून नियम असा, की संपूर्ण नमुना चाळणीतून गेलाच पाहिजे. उरलेले कण पुन्हा खलात, पुन्हा चाळणीवर, शेवटचा कण खाली जाईपर्यंत. आणि मग सगळी पूड पुन्हा एकदा नीट मिसळायची.

यानंतर पूड द्रवात न्यायची. इथे दोन वाटा आहेत. एक म्हणजे आधी जाळून राख करायची, मग राख आम्लात विरघळवायची. नेहमीच्या राखेच्या चाचणीसाठी भट्टी ८१५ अंशांपर्यंत नेतात. धातूंसाठी ते चालत नाही. पहिल्या तासात ३००, दुसऱ्या तासात ५०० अंश, आणि तिथेच थांबायचं, म्हणजे उडून जाणारे धातू शक्य तितके राहतात. तरी पारा राहत नाहीच, सेलेनियमचीही खात्री नसते. पाऱ्यासाठी नमुन्याचा वेगळा भाग लागतो. तो खास यंत्रात थेट जाळतात, निघालेला पारा सोन्यावर धरतात आणि मग तापवून सोडवून मोजतात. ज्या अहवालात एकाच राखेतून पाऱ्यासकट दहा धातू मोजल्याचं लिहिलेलं असेल, त्यातली पाऱ्याची ओळ खुशाल खोडून टाका.

दुसरी वाट म्हणजे पूड थेट टेफ्लॉनच्या बंद भांड्यात आम्लांबरोबर घालून मायक्रोवेव्हमध्ये दोनशे अंशांच्या वर तापवायची. भांडं बंद, म्हणून उडून जाणारे धातूही आतच राहतात. नायट्रिक आम्ल सेंद्रिय भाग जाळतं. मातीची आणि गारेची खनिजं विरघळवायला मात्र हायड्रोफ्लुओरिक आम्लच लागतं. ते काच खातं, म्हणून काचेचं एकही भांडं चालत नाही. कातडीवर पडलं तर आत शिरून थेट हाडातल्या कॅल्शियमवर जातं. म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम हाताशी ठेवल्याशिवाय त्याची बाटली उघडायची नसते. या धोक्यामुळे काही प्रयोगशाळा ते टाळतात. मग खनिजांत अडकलेलं क्रोमियम भांड्याच्या तळाशी न विरघळता बसून राहतं आणि निकाल कमी येतो.

आम्लाच्या निवडीत आणखी एक गंमत आहे. आयसीपी-एमएसमध्ये नमुना आर्गॉन वायूच्या प्लाझ्मात, काही हजार अंशांच्या झोतात उडवतात आणि अणूंचं वस्तुमान मोजतात. आर्सेनिकचं वस्तुमान ७५. तयारीत हायड्रोक्लोरिक आम्ल वापरलं असेल तर ३५ वस्तुमानाचं क्लोरीन ४० वस्तुमानाच्या आर्गॉनला चिकटतं. बेरीज पुन्हा ७५! यंत्र त्यालाही आर्सेनिक समजतं. यंत्रात यावर उपाय असतात, पण ते वापरले का, हे विचारावं लागतं. म्हणजे कमी आकडा संशयास्पद आणि जास्त आकडा विश्वासार्ह, असंही नाही. प्रदूषणाविरुद्ध लढणाऱ्या माझ्या मित्रांना हे मुद्दाम सांगतो. आपल्या बाजूचा आकडासुद्धा तयारीत बिघडलेला असू शकतो.

मग विश्वास ठेवायचा कशावर? कोळसा न घालता फक्त आम्लं घेऊन सगळे टप्पे पार पाडलेला कोरा नमुना, ज्याला ब्लँक म्हणतात. एकच पूड दोनदा तपासून आलेले दोन निकाल. आणि ज्यातल्या धातूंचं प्रमाण आधीच पक्कं ठरलेलं आहे असा संदर्भ-कोळसा. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेची १६३२ क्रमांकाची मालिका जगभर वापरतात. तो आपल्याच हाताने, आपल्याच भांड्यांत तयार करून त्याचा आकडा बरोबर आला, तर शेजारच्या अनोळखी कोळशाचा आकडाही मानायला हरकत नाही. या तीन गोष्टी अहवालात नसतील तर बाकीची पानं छपाईच्या दर्जासाठी वाखाणावीत.

आता आपल्या जमिनीकडे येतो. सिंधुदुर्गात खाण नाही हे खरं, पण कोळशाचा एक धाकटा भाऊ आपल्या पायाखाली आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या किनारपट्टीत जांभ्याच्या खाली काही ठिकाणी चिकणमातीचे थर आहेत आणि त्यांत लिग्नाइटचे पातळ पट्टे. मायोसीन काळातले, म्हणजे वर्धा खोऱ्यातल्या पर्मियन कोळशाच्या मानाने अगदीच तरुण. खाण काढावी इतके ते जाड नाहीत, सलगही नाहीत. पण विहीर खणताना जांभा संपून खाली काळी, जळक्या लाकडासारखी माती लागली, तर ती फेकून देऊ नका आणि अंगणात उन्हातही पसरू नका. लिग्नाइटमध्ये ओल भरपूर असते. उघड्यावर ते वाळून तडकतं, त्यातल्या पायराइटला हवा लागली की त्याचे क्षार होतात आणि पावसात वाहून जातात. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा, दुसऱ्या पिशवीत घाला, वर खोली आणि तारीख लिहा. आणि निकाल आला की तो ओल्यावर आहे की कोरड्यावर, ते आधी पाहा. चाळीस टक्के ओल असलेल्या लिग्नाइटमध्ये तीन पीपीएम आर्सेनिक म्हणजे कोरड्या हिशोबाने पाच पीपीएम. दोन्ही आकडे खरे. पण एकाच सभेत एकाने एक आणि दुसऱ्याने दुसरा वापरला तर भांडण ठरलेलं. अशा मातीच्या विहिरीचं पाणी तपासणं मला कोळसा तपासण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

शेवटचा मुद्दा पैशाचा. भारतात २०१२ पासून कोळशाची किंमत त्याच्या उष्मांकावर ठरते. जी-१ ते जी-१७ असे सतरा दर्जे आहेत, दर्जा एक पायरी खाली गेला की किंमत खाली येते. त्यामुळे नमुन्यावरून खाण आणि वीज केंद्र यांच्यात इतकी भांडणं झाली की त्रयस्थ संस्थेकडून नमुने घ्यायची व्यवस्था आली. तयार नमुन्याचे भाग करतात. एक विकणाऱ्याकडे, एक घेणाऱ्याकडे, आणि एक सीलबंद, त्याला रेफरी नमुना म्हणतात. वाद झाला तर तो उघडून पुन्हा तपासायचा. ज्या आकड्यावर रुपये अवलंबून आहेत, त्याची काळजी कशी घ्यायची हे आपल्या देशाला उत्तम कळतं. पारा आणि आर्सेनिक यांवर कोळशाचा दर्जा ठरत नाही, म्हणून त्यांच्यासाठी सीलबंद पिशवी कोणी ठेवत नाही. ती किनाऱ्यावरच्या लोकांनी मागितली पाहिजे, कारण त्या आकड्याची किंमत तेच मोजणार आहेत.

आणि ती मागण्याची जागा कायद्याने दिलेली आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी घ्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो आणि निदान तीस दिवस आधी सूचना द्यावी लागते. मराठी सारांशात धातूंचा तक्ता असला तर एका ओळीत असतो. प्रयोगशाळेचे कागद मूळ अहवालाच्या मागच्या जोडपत्रांत असतात. ते मागवून घ्या आणि विचारा. नमुना कुठून घेतला, किती ठिकाणांहून? आयात कोळसा असेल तर कुठल्या देशातल्या खाणीचा, आणि पंचवीस-तीस वर्षं तोच येणार याची हमी काय? दळला कशात? चाळणीवर उरलेल्या कणांचं काय केलं? पाऱ्यासाठी वेगळा भाग काढला का? कोणतं आम्ल वापरलं? ब्लँकचा आणि संदर्भ-कोळशाचा आकडा कुठे आहे? निकाल ओल्यावर की कोरड्यावर? आणि राखीव नमुना कोणाच्या सहीने, कुठे ठेवला आहे?

यातला एकही प्रश्न विचारायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. सुनावणीचं इतिवृत्त लिहिलं जातं, आणि तिथे नोंदलेल्या आक्षेपांचा समाचार प्रकल्पवाल्यांना अंतिम अहवालात घ्यावा लागतो. "आमचा विरोध आहे" एवढंच नोंदलं तर त्यावर "नोंद घेतली" असं उत्तर येतं. "चाळणीवरचे कण कुठे गेले" असं नोंदलं, तर कोणाला तरी प्रयोगशाळेत फोन करावा लागतो. मुणग्याचा प्रकल्प उभा राहिला नाही म्हणून हा विषय संपला असं मी मानत नाही. पुढचा प्रस्ताव वेगळ्या नावाने, वेगळ्या गावात येईल, कदाचित कोळशाचा नसेलही. पण त्याच्या पाठीलाही असाच एक तक्ता जोडलेला असेल. तेव्हा पहिल्या फेरीतच सीलबंद नमुना मागा, त्याच्या पिशवीवर ग्रामपंचायतीची सही असल्याशिवाय तक्त्यावर चर्चा सुरू करू देऊ नका.